सही झाली ना, आता बाहेर बसा

“ताई, सही झाली ना? मग आता तुम्ही बाहेर बसून घ्या.”

साहेब हे मराठीतून बोलले. हसत बोलले. हॉलमधल्या बाकी कुणाला मराठी येत नव्हतं. त्यांना वाटलं असेल, साहेबांनी माझी विचारपूस केली. मी खुर्चीतून उठले. टेबलाच्या टोकाला व्यापाऱ्यांचे अध्यक्ष बसले होते, त्यांनी पाय आवरून मला वाट दिली. मी दारापाशी पोचले तेवढ्यात साहेब त्यांना हिंदीत म्हणाले, “कोटा है भाईसाहब, बुलाना पड़ता है.”

हे मला ऐकू जावं म्हणून म्हणाले नाहीत. ऐकू जाऊ नये म्हणून हळूही म्हणाले नाहीत. मी ऐकलं काय, न ऐकलं काय, त्यांच्या लेखी सारखंच.

बाहेर व्हरांड्यात पाण्याच्या कूलरशेजारी एक बाक होता. बाबू, म्हणजे साहेबांच्या हाताखालचे कारकून, माझ्यामागोमाग आले आणि एक पाकीट हातात देऊन गेले. कचोरी, बर्फीचा तुकडा, चटणीची पुडी. “दीदी, आराम से खाओ. ज़रूरत पड़ी तो बुला लेंगे.” मग दार लागलं. आत एसी होता, दार उघडं ठेवून चालत नाही.

मी बसून राहिले. गरज पडेल, बोलावतील, म्हणून तोंड पुसून, पदर नीट करून बसले. आतून मधूनमधून हसण्याचा आवाज येत होता. मग दार उघडलं आणि सगळे बाहेर आले. बैठक संपली होती.

गरज पडली नाही. पुढेही कधी पडली नाही.

मी उज्जैनच्या फ्रीगंज बाजारात फुटपाथवर चादरी विकते. भैरवगढच्या छापाच्या चादरी, ओढण्या, गाऊन. रईसभाईंच्या कारखान्यात ज्या चादरीवर ठसा जरा सरकलेला असतो, ती दुकानदार घेत नाहीत. ती मी घेते आणि गिऱ्हाइकाला आधीच दाखवते, बघा, इथे सरकलाय. तरी लोक नेतात. रंग पक्का असतो. माझ्या धंद्यात मी खोट लपवत नाही, हे एवढ्यासाठी सांगते की पुढे माझ्यावर काय आळ आला ते वाचताना लक्षात असू द्या.

कायद्यानं असं ठरलं आहे की फेरीवाल्यांचं काही ठरवायचं तर त्यांची माणसं समितीवर घेऊन ठरवायचं. त्यात बाई पाहिजे. आमच्या जातीचं माणूस पाहिजे. मी दोन्ही. एका खुर्चीत त्यांची दोन कामं भागली. कार्यालयाचं नाव लिहीत नाही, कारण अशी कार्यालयं काही एकच नसतात. फेरीवाल्यांनी मला निवडून दिलं तेव्हा सुगन मौसीनं माझ्या गळ्यात झेंडूची माळ घातली. मौसी माझ्या शेजारी बांगड्या विकते. जातीनं वेगळी, वयानं माझ्या आईएवढी, जिभेनं सुरीसारखी. माळ घालून म्हणाली, “अब अपनी छोरी टेबल पे बैठेगी.”

टेबल! त्या शब्दाचं आम्हाला केवढं अप्रूप होतं.

मी पहिल्या बैठकीला बोलायचं पाठ करून गेले होते. मोठं काही नाही. फ्रीगंजमध्ये फुटपाथवर धंदा करणाऱ्या बायकांना जायला संडास नाही. म्हणून आम्ही दिवसभर पाणी पीत नाही. मे महिन्यातसुद्धा ओठ ओले करायचे आणि बाटली ठेवून द्यायची. मौसीला त्यानं लघवीचा आजार झाला. हे सांगायचं होतं. घरी आरशासमोर हिंदीत म्हणून बघितलं, “महोदय” म्हणायचं की “साहब” म्हणायचं याचा विचार केला. नवी साडी नेसले.

ते सगळं व्हरांड्यातच राहिलं.

आता साहेबांविषयी. साहेब मराठी. उज्जैनमध्ये मराठी माणसं दोन तऱ्हेची आहेत, हे बाहेरच्याला पटकन कळत नाही. एक, ज्यांचे पूर्वज दरबाराबरोबर आले. कारकुनी, दप्तर, खजिना, देवळं. आता त्यांच्या घरात वकील आहेत, डॉक्टर आहेत, बँकेतून निवृत्त झालेले काका आहेत. त्यांचा गणपती, त्यांची व्याख्यानं, त्यांचं कोजागिरीचं दूध. दुसरे आम्ही. माझे आजोबा खानदेशातून इथल्या गिरणीत आले. गिरणी बंद पडली, आजोबा गेले, बाबा घरी बसले. मराठी तेवढी घरात राहिली. या दोन मराठी माणसांची रस्त्यात गाठ पडली की फार आनंद होतो. “अरे वा, तुम्ही मराठी?” तो आनंद पुढच्या प्रश्नापर्यंत टिकतो.

पहिल्या दिवशी हॉलच्या बाहेर मी बाबांशी फोनवर बोलत होते. साहेबांनी ऐकलं आणि चेहरा फुलला.

“अरे वा, तुम्ही आपल्यातल्या! छान, छान. इकडे कधीपासून? आडनाव काय?”

मी आडनाव सांगितलं.

“अच्छा,” म्हणाले. खिशातून फोन काढून बघायला लागले. फोन वाजला नव्हता.

पण मराठी त्यांनी टाकलं नाही. त्यांना त्याचा एक उपयोग सापडला. जे हिंदीत चारचौघांसमोर बोलायची थोडी तरी लाज वाटली असती, ते ते माझ्याशी मराठीत बोलायला लागले. तेसुद्धा हसत. साहेबांना हसू फार छान येतं, हसण्याचा वेगळा भत्ता मिळत असावा. “ताई, त्या खुर्चीवर ट्रॅफिकवाले बसतील, तुम्ही मागे सरकून घ्या.” “ताई, ते काचेचे ग्लास पाहुण्यांचे आहेत. तुमच्यासाठी स्टीलचा ठेवलाय तिकडे.” पाहुणे कोण, तर जे महिन्यातून चारदा येऊन साहेबांच्या केबिनमध्ये पाय पसरून बसतात ते व्यापाऱ्यांचे अध्यक्ष. आणि निवडून आलेली सदस्य मी, ती घरची. घरच्यांना स्टील.

हिंदीतला अपमान मला नवा नाही. गिऱ्हाईक करतं, पोलीस करतो, गाडी लावणारा करतो. तो कानावरून जातो. पण घरच्या भाषेत, आई हाक मारायची त्या भाषेत कुणी गोड आवाजात आपली जागा दाखवून दिली की ते पोटात जाऊन बसतं. मी कितीतरी दिवस घरी मराठी बोलायची टाळाटाळ करत होते. बाबा विचारायचे, काय झालं, आणि मी म्हणायची, कुछ नहीं. एवढं मला त्या माणसानं केलं.

तिथली पद्धत सांगते. बैठकीच्या आधी हजेरीचं रजिस्टर फिरायचं. ते सगळ्यांत आधी माझ्याकडे यायचं. चहा शेवटी, पाणी शेवटी, रजिस्टर मात्र पहिलं. मला सुरुवातीला तो मान वाटला. मी सही केली की बाबू फुंकर मारून शाई वाळवायचे आणि रजिस्टर साहेबांकडे न्यायचे. मग साहेब मान वर करून ते वाक्य म्हणायचे. सही झाली ना. फेरीवाल्यांचे बाकीचे सदस्य पुरुष होते आणि माझ्यापेक्षा व्यवहारी. ते सही करून पाकीट घ्यायचे आणि सरळ धंद्यावर जायचे. मीच एकटी बाकावर, कुणी बोलावेल म्हणून.

आणि साहेबांची हजेरी? तीही ऐका. मोठ्या पाहुण्यांना महाकालाच्या पहाटेच्या भस्म आरतीला नेऊन बसवायचं काम आमच्या गावात अधिकाऱ्यांच्या मागे कायम असतं. कुणा मंत्र्याचे साडू आले, कुणा जजसाहेबांची सासू आली. रात्रीपासून जागलेले साहेब दिवसा झोपायचे. त्या दिवशी बैठक असली तर बाबू रजिस्टर काखेत मारून त्यांच्या बंगल्यावर जायचे आणि सही घेऊन यायचे. अध्यक्षस्थानी कोण, तर साहेब. म्हणजे झोपलेला माणूस बैठकीला हजर, आणि आलेली बाई कूलरशेजारी. यांना आपण साहेब म्हणतो.

असं चालू असताना एका सकाळी गँग आली.

गँग हा त्यांचाच शब्द. अतिक्रमण हटवणाऱ्या पथकाला इकडे सगळे गँगच म्हणतात, ते स्वतःसुद्धा, आणि बरोबरच म्हणतात. मी नुकत्याच चादरी मांडल्या होत्या. लाल-काळ्या बुट्ट्यांची एक मोठी चादर दोरीवर टाकलेली होती, ती त्यांनी दोरीसकट ओढली. मौसीचं बांगड्यांचं पाटीभर सामान एकानं पायानं सरकवलं. सरकवलं म्हणते, कारण तो तसंच म्हणत होता, “सरका ही तो रहा हूँ, माताजी.” बांगड्या गटारापर्यंत गेल्या. मौसी तिथेच मांडी घालून बसली आणि उठेना.

गँगबरोबर आमचे बाबू होते. मी त्यांच्याकडे धावले. त्यांनी माझ्याकडे न बघता कागद काढला. सिंहस्थ येतोय, शहर सजवायचं आहे, फ्रीगंजचा हा रस्ता फेरीवाल्यांसाठी बंद. सगळ्यांनी नानाखेड्याला जायचं. नानाखेडा म्हटलं की बसस्टँडची गर्दी आठवते, म्हणून सांगते. बसस्टँडवर नाही. बसस्टँडच्या मागे, कॉलन्या संपतात त्याच्याही पलीकडे, एक मैदान आहे. तिथे सकाळी मुलं क्रिकेट खेळतात आणि दुपारी गाई बसतात. तिथे चादर कोण घेणार, गाई?

मौसी खाली बसूनच म्हणाली, “हमसे पूछा किसने?”

बाबू म्हणाले, “पूछा क्यों नहीं? आपकी मेंबर ने खुद समर्थन किया है.” आणि त्यांनी वाचून दाखवलं, सगळ्या रस्त्याला ऐकू जाईल असं. “सदस्या ने कहा कि फुटपाथ पैदल यात्रियों की अमानत है. नगर की गरिमा हेतु समस्त विक्रेता स्वेच्छा से स्थानांतरण को तैयार हैं. प्रस्ताव सर्वसम्मति से पारित.”

सदस्या म्हणजे मी.

गरिमा हा शब्द मी जन्मात उच्चारलेला नाही. हेतु मी कधी म्हणाले नाही. माझ्या तोंडी शब्द घालताना त्या लोकांनी एवढाही विचार केला नाही की हे तोंड कुणाचं आहे. साहेब पंधरा ऑगस्टला जे भाषण करतात, तेच उचलून माझ्या नावावर टाकलं. खोटं बोलायचं तर निदान मेहनत तरी घ्यावी. मला वाटलं, आता सगळे हसतील. हे लोक रोज माझ्याशेजारी बसतात, मी कशी बोलते ते त्यांना ठाऊक आहे.

कुणी हसलं नाही.

मौसीनं विचारलं, “तूने बोला?”

“मौसी, मैं तो बाहर बैठी थी.”

“साइन किसकी है?”

“मेरी. हाज़िरी की.”

“तो फिर?” मौसी म्हणाली. “म्हारे को मत समझा. कागद झूठ थोड़ी बोले है.”

मागून कुणीतरी म्हणालं, “कचोरी में बेच दिया हमको.” कोण ते मला माहीत आहे. लिहीत नाही. तो माणूस आजही माझ्यासमोर चष्मे विकतो.

साहेबांनी केलेला अपमान एका बाजूला आणि हा एका बाजूला. ज्यांनी माळ घातली त्यांनी माझ्या बोलण्यापेक्षा त्या गरिमावर विश्वास ठेवला. का ठेवला? कारण तो टाइप केलेला होता, खाली शिक्का होता, आणि आपल्याकडे शिक्क्याला देव मानतात. मी तिथेच रडले. लाजेनं नाही, संतापानं. चादरी गोळा करत रडत होते आणि कुणी हात लावायला आलं नाही.

दुसऱ्या दिवशी साहेबांकडे गेले. साहेब केबिनमध्ये होते. बसा म्हणाले नाहीत, मी बसले.

“साहेब, मी समर्थन कधी केलं?”

“अगं, ते फॉरमॅट असतं,” साहेब म्हणाले. आडनाव कळल्यापासून अहो-जाहो चारचौघांपुरतं उरलं होतं, केबिनमध्ये तेही नाही. “बाबू आधीच टाइप करून ठेवतात. मतलब, वेळ वाचतो.”

“आधी म्हणजे? बैठकीच्या आधी?”

“मग काय नंतर? नंतर कोणाला वेळ आहे?”

हे त्यांनी अगदी निरागसपणे विचारलं. त्यांना यात काही चुकलंय असं खरंच वाटत नव्हतं. आधी निर्णय टाइप करायचा, मग बैठक घ्यायची. आधी लग्न लावायचं, मग मुलगी बघायला जायचं. आणि या अकलेवर गाडी, बंगला, शिपाई.

मी म्हटलं, “माझा विरोध आहे. तसं लिहा.”

“विरोध असं आपण लिहीत नाही. वर वाचायला चांगलं दिसत नाही. आजपर्यंत कोणी केला पण नाही.” मग ते पुढे झुकले आणि आवाज खाली आला. “हे बघ, आपण मराठी माणसं. तुझं एकटीचं मी बघून घेतो. घड्याळाच्या टॉवरजवळ एक गुमटी देऊन टाकू तुला. पक्की. पण उगाच वाढवू नको.”

आपण. आडनाव ऐकून फोन काढला होता त्या दिवसानंतर पहिल्यांदा मी ‘आपण’मध्ये आले. गरज पडली की यांच्या पंगतीत पान वाढायला जागा होते.

“आणि सुगन मौसीचं?” मी विचारलं.

“तिचा काय संबंध?”

मी उठले. खोटं कशाला सांगू, पक्की गुमटी, म्हणजे छपराची टपरी, ऐकून मोह झाला होता. उन्हापावसात बसणाऱ्याला छपराची किंमत विचारा. पण तो माणूस मला छप्पर देत नव्हता. चष्मेवाला जे म्हणाला होता, कचोरीत विकलं, ते खरं करून देत होता.

बाहेर पडताना बाबू जिन्यापर्यंत आले. बिचारे चांगल्या मनानं म्हणाले, “दीदी, नाराज मत होना. अगली बैठक में आना ज़रूर. पिछली कार्यवाही पक्की करनी है, और महिला सदस्य के साइन बिना बैठक ही नहीं मानी जाती.”

बोलून गेले आणि परत टेबलाशी जाऊन बसले. आपण काय सांगून बसलो हे त्यांना कळलंच नाही. त्या कार्यालयात सगळ्यांना माझी इतकी सवय झाली होती, की ही बाई सही करणार नाही असं त्यांच्या स्वप्नातही आलं नव्हतं. रजिस्टर माझ्याकडे पहिलं का येतं, ते मला जिन्यात कळलं. तो मान नव्हता. ती गरज होती. मी पायरीवर थांबले आणि हसले, आणि मग इतका राग आला की कठड्याला धरून उभी राहिले.

पुढच्या बैठकीला मौसी आली. माझ्या बाजूनं नाही. म्हणाली, “मैं भी चलूँगी. देखूँ तो, तू अंदर कंई करे है.” मी म्हटलं, चल.

त्या दिवशी वीज गेली होती. एसी बंद, म्हणून हॉलचं दार सताड उघडं. मौसी व्हरांड्यातल्या बाकावर बसली, माझ्या जागेवर. मी आत गेले आणि टेबलाशी बसले. पुढच्या खुर्चीवर. साहेब आले, घाम पुसत. आज खुद्द आले होते, कारण निर्णय पक्का करायचा होता. अध्यक्ष होते, ट्रॅफिकवाले होते, आणखी दोघंचौघं. बाबूंनी रजिस्टर माझ्यासमोर उघडलं, पेनचं टोपण काढून दिलं.

मी रजिस्टर मिटलं आणि परत सरकवलं.

बाबू म्हणाले, “दीदी, साइन.”

“पहले बोलूँगी,” मी म्हटलं. “जो बोलूँगी वो लिखो. पढ़ के सुनाओ. फिर साइन.”

साहेब हसले. तेच हसू. आणि मराठीत म्हणाले, “ताई, काय करून राहिलात तुम्ही? कळतंय का? ही काय शाळा आहे? मुकाट्यानं सही करा आणि बाहेर बसा.”

मी खुर्ची टेबलाजवळ ओढून घेतली.  

“साहब, हिंदी में बोलिए,” मी म्हटलं. “सबको सुनने दीजिए.”

 अध्यक्षांनी मोबाईलमधून डोकं वर काढलं. साहेबांच्या चेहऱ्यावरचं हसू तसंच राहिलं, पण त्याला पुढे काय करावं हे सुचेना.

मग मीच सांगितलं. सगळं हिंदीत. साहेब आत्ता काय म्हणाले ते. दर वेळी काय म्हणतात ते. काचेचे ग्लास कुणाचे आणि स्टीलचा कुणाचा ते. अध्यक्षांकडे वळून म्हटलं, “और आपसे कहा था, कोटा है, बुलाना पड़ता है. वो मैंने सुना था.” अध्यक्षांनी छताकडे बघितलं. पंखा बंद होता तरी बघत राहिले. ही सगळी शहाणी, शिकलेली, इस्त्रीची माणसं. कुणाच्या तोंडून एक शब्द फुटला नाही, माझ्या बाजूनंही नाही आणि साहेबांच्या बाजूनंही. साहेबांसाठीसुद्धा ते उभे राहिले नाहीत, हे साहेबांनी लक्षात ठेवावं.

मग मी बोलले, ज्यासाठी आले होते ते. “मैंने समर्थन नहीं किया. मुझसे किसी ने पूछा नहीं. उस मैदान में ग्राहक नहीं आता. फ्रीगंज से हम नहीं जाएँगे. और वहाँ औरतों के लिए संडास चाहिए. लिखो, बाबूजी.”

बाबूंनी पेन उचललं. साहेबांकडे बघितलं.

साहेब आता हसत नव्हते. हिंदीतच म्हणाले, सावकाश, शब्द तोडून, “लिखो. महिला सदस्य अनुपस्थित. कोरम के अभाव में बैठक स्थगित.”

मी त्यांच्या समोर बसले होते. हात लांब केला असता तर त्यांच्या चष्म्याला लागला असता.

बाबूंचं पेन थांबलं. एकदा त्यांनी माझ्याकडे बघितलं, आणि मग लिहिलं. अनुपस्थित.

दारातून मौसीचा आवाज आला. “अरे, बैठी तो है सामने!”

“ये कौन है? बाहर करो इसको,” साहेब म्हणाले आणि उठले. त्यांच्यामागे सगळे उठले. खुर्च्या सरकल्या. थोड्या वेळानं हॉलमध्ये मी आणि दारात मौसी एवढ्याच उरलो.

मी गप्प होते तेव्हा त्यांनी लिहिलं की मी बोलले. मी बोलले तेव्हा लिहिलं की मी नव्हतेच. म्हणजे त्यांच्या कागदावर मला राहायला एकच जागा आहे, त्यांच्या होकाराची. माणूस म्हणून मी तिथे मावतच नाही. हे कळल्यावर मला त्या माणसाची भीती वाटेनाशी झाली. समोरची बाई पुसून टाकायला ज्याला कारकुनाचा हात लागतो, त्याला कसलं भ्यायचं. किळस मात्र आली, आणि ती अजून गेलेली नाही.

मौसीनं माफी मागितली नाही.  रस्त्यानं चालताना म्हणाली, “कागद भी झूठ बोले है, कंई?” मी म्हटलं, बघितलंस ना. ती म्हणाली, “चल, धंधे का टाइम है.” संध्याकाळी तिनं सगळ्या लायनीला सांगितलं, शिव्या घालून सांगितलं, साहेबांना आणि चष्मेवाल्याला एकदमच. अर्ध्यांनी विश्वास ठेवला. बाकीचे अजून म्हणतात की मला गुमटी मिळायची होती, मिळाली नाही म्हणून हे नाटक. म्हणू देत.

गोड शेवट सांगायला नाही. गँग अजून येते. गाडी वळणावर दिसली की आम्ही गाठोडी बांधतो, गेली की सोडतो. मौसी दोन दिवस त्या मैदानात जाऊन बसून आली, एक बांगडी विकली गेली नाही. संडास नाही. पाणी आम्ही आजही पीत नाही. निर्णय पक्का झालेला नाही, एवढंच.

मध्यंतरी बाबू येऊन गेले. चादर बघायचं निमित्त केलं. हळूच म्हणाले, लागोपाठ अनुपस्थित लागलं की सदस्यत्व जातं, मग साहेब दुसरी बाई आणणार आहेत, नाव ठरलंय. “कर दो ना साइन, दीदी. आपका क्या जाता है?”

माझं काय जातं, हे यांना अजून विचारावं लागतं. मी चादर घडी घालून ठेवली आणि त्यांना जा म्हटलं.

आता माझं ठरलं आहे. नोटीस येवो न येवो, बैठक लागली की मी जाणार. राजीनामा देणार नाही. बाकावर बसणार नाही. माझा विरोध माझ्या शब्दांत लिहिला जाऊन, सगळ्यांसमोर मोठ्यानं वाचला जात नाही, तोवर त्या रजिस्टरमध्ये माझ्या नावापुढची जागा कोरी राहील. दुसरी बाई आणली तर ती बाहेर येईपर्यंत मी दारात उभी राहीन आणि तिला विचारीन, तू काय बोललीस आणि काय लिहिलं. फ्रीगंजची सगळी लाइन बरोबर आली तर ठीक. कुणी नाही आलं तर मी एकटी.

काढायचं तर काढा मला. पण ‘अनुपस्थित’ हे मी समोर बसून बोलत असताना, माझ्या तोंडाकडे बघत लिहावं लागेल. दर वेळी. आणि फ्रीगंज आम्ही सोडत नाही.